क्रांती इन्स्टिट्यूट, स्पॅनिश विभाग

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.
नवी वही. जुन्या वहीत चारच पानं भरली होती, आणि चारही व्यायामाबद्दल.

संकल्प. एक: पहाटे पाचला उठणे. (आज सात. पण आज वही शोधण्यात वेळ गेला.) दोन: चहात साखर अर्धा चमचा. तीन: उरलेलं आयुष्य कुणाच्या तरी उपयोगी पडावं.

तिसऱ्याची सोय कालच झाली. मनुबाई आली होती. माझी चुलत जाऊ, कवठे महांकाळच्या बाहेर मळ्यावर राहते, द्राक्षबाग आहे. तिचा एकुलता एक जयराज बोटीवर कुक आहे. बोटीच्या लाँड्रीत काम करणाऱ्या योलांडाशी त्यानं लग्न केलं, आणि जुलैत तिला आणि तिच्या विधवा आईला, रोसाला, पेरू देशातून इकडे घेऊन आला. आता रजा संपते एकतीस डिसेंबरला. योलांडानं त्याला स्वच्छ सांगितलंय: तोवर मला इथल्या माणसांशी बोलता आलं आणि माझं स्वतःचं काम मिळालं तर मी राहीन. नाहीतर तिघंही परत पेरूला, आणि जयराजनं तिकडेच नोकरी धरायची.

मनुबाई रडली नाही. पदराचा धागा ओढत बसली. म्हणाली, आक्का, पोरगं सातासमुद्रापल्याड ऱ्हाईलं तर मी बाग कुणासाठी पिकवू.

मी म्हटलं, माझ्यावर सोड. ती म्हणाली, आवं, तिला तसं बागंतलं... तिथेच थांबवलं. बागेत काम करणाऱ्या बायका खंडीभर आहेत. या मुलीला पोझिशन पाहिजे. हॉटेलात रिसेप्शनिस्ट. मी पांचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढली आहेत. दोन महिन्यांत भाषा, मॅनर्स आणि नोकरी.

फी घेणार नाही म्हटल्यावर मनुबाई म्हणाली, फुकाट कशाला, पैऱ्यावर करू. फार बरं वाटलं. पैरा मला नवा नाही. रहिमतपूरला वडील पैऱ्यावरच भांगलण उरकायचे: आज तुमची माणसं आमच्या शेतात, उद्या आमची तुमच्या. म्हणजे आता मी शिकवण्याचे दिवस देणार, मग ते मला कामाचे दिवस देणार. घराला चुना मारायचा राहिलाय. जानेवारीत बोलावीन.

५ नोव्हेंबर.
बोर्ड रंगवून घेतला. क्रांती इन्स्टिट्यूट ऑफ लँग्वेज अँड जॉब ट्रेनिंग. खाली बारीक अक्षरात, स्पॅनिश विभाग. पेंटरनं विचारलं, बाकीचे विभाग कुठं लिहू. म्हटलं, जागा सोडून ठेव.

पुण्याहून अंकिताचा फोन. आई, तुला स्पॅनिश येतं का, म्हणाली. माझी मुलगी असली तरी मुद्द्याचं कधी विचारत नाही. तिला सांगितलं, मी सहा वर्षांची पांचगणीला गेले तेव्हा मला इंग्रजी येत नव्हतं आणि सिस्टर बर्नाडेटना मराठी. सहा महिन्यांत मी झोपेत इंग्रजी बडबडायला लागले. अंकिता म्हणाली, आणि त्या आधीचे सहा महिने? मी म्हटलं, दूध उतू जातंय. खरोखरच गेलं होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी साडेपाच.
उद्घाटन. विद्यार्थिसंख्या दोन. हजेरी शंभर टक्के.

योलांडा एकतीस वर्षांची, खांदे रुंद, नजर सरळ. रोसा माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असेल. डोक्यावर फेल्ट हॅट, ती घरातही काढत नाही. योलांडाच्या कमरेला कातडी म्यान आणि त्यात टोकदार कात्री. रिसेप्शनिस्टच्या कमरेला कात्री शोभत नाही, असं खुणेनं सांगून काढून घेतली आणि कपाटात ठेवली. चेहरा पडला. शिस्त लागताना असं होतंच.

धडा पहिला: गुड आफ्टरनून, वेलकम, हाउ मे आय हेल्प यू. वीस वेळा. योलांडा विसाव्यांदाही पहिल्यासारखंच म्हणाली, म्हणजे सातत्य आहे. रोसा तिसऱ्या वेळेला झोपली. हॅट हलली नाही. मोठ्या वयात काही जण असंच ग्रहण करतात.

वेळ दोन ते पाच ठेवली आहे. पाचला मनुबाई न्यायला आली, दमलेली दिसली. दोघींच्या वाटणीचं मी उरकून आले, म्हणाली. कौतुक वाटलं. शिक्षणासाठी घरच्यांचा त्याग लागतो.

१२ नोव्हेंबर.
पहाटे पाचला उठले. घड्याळ बघून पुन्हा झोपले. संकल्प उठण्याचा होता, तो पूर्ण.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
हाउसकीपिंग मॉड्यूल सुरू. हॉटेल लाइनमध्ये याला पर्याय नाही. योलांडानं ह्यांच्या बॅडमिंटनचे बावीस कप आणि माझी चांदीची भांडी घासली. रोसानं दिवाणखान्याचे पडदे धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत लावले. उद्या पंखे. परवा माळा, तिथे २००९ पासून कुणी चढलेलं नाही. मी खाली खुर्चीवर बसून शब्द पुरवत होते. कर्टन. लॅडर. केअरफुल.

धोंडुबाई डोकावून गेली. ती बायकांची टोळी घेऊन बागा करते, द्राक्षाच्या घडातले जास्तीचे मणी कात्रीनं विरळ करायचे ते काम. सगळे थिनिंग म्हणतात, आता त्याचेच दिवस आहेत. शिडीवरच्या रोसाकडे बघून म्हणाली, वैनी, लय हात लावल्यात की कामाला. मनूवैनी दिसाचा दीस ल्हिऊन ठिवत्यात. म्हणजे मनुबाई प्रोग्रेस रेकॉर्ड ठेवते आहे. अपेक्षा नव्हती. गहिवरून आलं.

घर मात्र लखलखतंय. ह्यांनी बघायला हवं होतं.

२० नोव्हेंबर.
योलांडाला ताप, नाही आली. रोसा एकटीच आली. शिकवायचं काय हा प्रश्न होता, तर तिनं ओट्यावर बसून माझ्या शेंगा सोलायला घेतल्या. मीही बसले.

रोसा अजून एक शब्द बोललेली नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, मंद आहे. आज वाटलं, मीही तशीच होते. पांचगणीला पहिले तीन महिने गप्प होते. भूक लागली तरी सांगता येत नव्हतं. धुकं, फरशीच्या पॉलिशचा वास, आणि टोस्टवर जॅम मिळावा म्हणून नुसतं त्या बाटलीकडे बघत राहायचं. हे सगळं मी तिला मराठीत सांगितलं, कारण इंग्रजीतही कळलं नसतंच. ती हात थांबवून ऐकत होती. मग तिनं तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगितलं, मधे जमिनीपासून दोन वीत उंचीवर हात धरला, आणि तो हात बराच वेळ तसाच ठेवला. लहान मूल असावं. विचारता आलं नाही.

शेंगा दोन किलो झाल्या. अभ्यासक्रमात कुठे नोंद करावी कळेना.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
यश.

चहा घेणार का, असं सहज मराठीत विचारलं. योलांडा म्हणाली, व्हय, पर साखर लय नगा घालू. मी कपबशी खाली ठेवली. डोळे भरून आले. दोन आठवड्यांत. तेही मी इंग्रजी शिकवत असताना. याचा अर्थ माझ्या पद्धतीनं गळा मोकळा होतो आणि मग कुठलीही भाषा बाहेर येते. सिस्टर बर्नाडेटना लिहायला हवं होतं, पण त्या वारल्याला तीस वर्षं झाली.

उच्चार मात्र माझे नाहीत. दुरुस्त केलं: हो, पण साखर फार नको. तिनं नीट म्हणून दाखवलं, मग रोसाकडे बघून दोघी हसल्या.

चौकशीअंती कळलं की योलांडा सकाळी सहा ते एक धोंडुबाईच्या टोळीबरोबर मनुबाईच्याच बागेत असते. मनुबाईला जरा बोलले. हात खरबरीत होतील. मनुबाई म्हणाली, आवं आक्का, तिचा हात बगा येकदा. आमचा येक घड हुईस्तवर तिचं तीन व्हत्यात. तिच्या मुलखात द्राक्षंच हायती, पंधराव्या वर्षापास्नं करतीया. मी म्हटलं, रिसेप्शनिस्टला एकच हात लागतो, फोन उचलायला. मनुबाईनं चपला घातल्या. पटलं असावं.

१ डिसेंबर, सोमवार.
रिसेप्शन मॉड्यूल. शिलाई मशीन म्हणजे काउंटर. देवघरातली घंटी म्हणजे बेल. योलांडा मशीनमागे उभी, मी पाच वेगवेगळे गेस्ट झाले. पहिला गेस्ट मुंबईचा व्यापारी, त्याला खोली हवी. योलांडा म्हणाली, बसा, पानी पिता? दुसरी गेस्ट एक परदेशी बाई. योलांडा म्हणाली, बसा, पानी पिता? हे माझ्या धड्यात नाही. तिसऱ्या गेस्टनं तक्रार केली की बाथरूमचा नळ गळतो. योलांडानं काउंटर सोडला, आत गेली, पाना मागितला, आणि माझा नळ, जो गणपतीपासून गळत होता, तो वीस मिनिटांत बंद केला.

दहापैकी चार गुण दिले. रिसेप्शनिस्टनं स्वतः जायचं नसतं, माणूस पाठवायचा असतो. हे तिच्या डोक्यात कसं घालावं.

नळ गळत नाही म्हणून आज घर फार शांत वाटतंय.

४ डिसेंबर.
दत्तजयंती. सुट्टी दिली. साखर सध्या दीड चमचा. प्रशासनाचा ताण.

८ डिसेंबर, सोमवार.
लालासाहेबांना फोन केला. मिरज रस्त्याला त्यांचं नवं हॉटेल झालंय, अठरा खोल्या, ह्यांच्या जुन्या ओळखीचे. आमच्या इन्स्टिट्यूटची एक ट्रेन्ड कँडिडेट आहे म्हटलं. शुक्रवारी घेऊन या म्हणाले.

माझी गुलाबी शिफॉन तिच्यासाठी काढली. ब्लाउज खांद्यात उसवला. योलांडानं हात पुढे करून कात्री मागितली, दुरुस्तीला. कपाटातून काढून दिली. काम झाल्यावर परत मागायला हवी होती, पण तिनं ती हातात घेतल्यावर जसं बघितलं, ते पाहून राहून गेलं. शिस्तीत एखादी सूट चालते.

१२ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी चार.
इंटरव्ह्यू झाला. क्रमानं लिहिते.

जयराजनं जीपमधून सोडलं. लालासाहेबांचं ऑफिस मागच्या बाजूला, मोठी खिडकी. योलांडाला टेन्शन येऊ नये म्हणून पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं मी दिली. लालासाहेब म्हणाले, बाईसाहेब, नोकरी तुमाला पायजे का ह्यांला? मी हसले. मोठ्या माणसांचा विनोद.

मग त्यांनी योलांडाला विचारलं, रात्री एक वाजता गिऱ्हाईक आलं आणि खोली नसली तर काय कराल. हा प्रश्न आमच्या धड्यात होता. पण तिचं लक्षच नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर त्यांची द्राक्षबाग आहे. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. ती उठली. मला वाटलं, गुड आफ्टरनून म्हणणार. ती मागच्या दारानं सरळ बागेत गेली. लालासाहेब तिच्या मागे, मी लालासाहेबांच्या मागे, माझी चप्पल ठिबकच्या नळीत अडकली.

पोचले तेव्हा ती मांडवाखाली उभी होती, शिफॉन गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात कात्री. एक अख्खा घड कापून तिनं जमिनीवर टाकला. मग दुसरा. लालासाहेब ओरडायला तोंड उघडून उभे. ती शांतपणे म्हणाली, लय घड ठिवल्यात. ह्यातलं निम्मं काढायला पायजे. न्हाईतर मणी फुगायचं न्हाईत, गोडी बी यायची न्हाई. तुमी आळस केला.

मी डोळे मिटले. नोकरी देणाऱ्याला आळशी म्हणणं कुठल्याही मॉड्यूलमध्ये बसत नाही.

लालासाहेबांनी पडलेला घड उचलून उलटसुलट करून बघितला. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि ती सांगायला. अर्धा तास. मला कळलं ते इतकंच: त्यांची ही दीड एकर बाग उशिरा छाटलेली आहे, हिच्या थिनिंगला माणसं मिळेनात. योलांडानं आपली माणसं आणून चोवीस तारखेपर्यंत हे दीड एकर करून दाखवायचं. काम मनासारखं उतरलं तर पहिल्या जानेवारीपासून त्यांच्या सगळ्या बागांवर मुकादम म्हणून बारमाही पगार. नाही उतरलं तर राम राम.

रिसेप्शनचा विषय कुणी काढला नाही.

येताना जीपमध्ये योलांडा गात होती. जयराजही. मी शिफॉनवरचा डाग बघत होते.

संध्याकाळी सात.
शांतपणे विचार केला. हे प्लेसमेंटच आहे. इंटरव्ह्यू कुणी मिळवला? बोर्डवर जागा सोडली आहे, तिथे शंभर टक्के प्लेसमेंट असं लिहून घ्यावं. चोवीसनंतर.

१५ डिसेंबर, सोमवार.
आजचा दिवस वाईट गेला असं म्हणणार नाही, पण लिहून काढते.

डिसेंबरात टोळ्या मिळत नाहीत. सगळ्या दिवाळीतच बोलून ठेवलेल्या. धोंडुबाईकडे तिला धरून सहा बायका मोकळ्या. योलांडा, रोसा, मनुबाई धरून नऊ. दीड एकराला बारा तरी हात पाहिजेत, तेही उद्यापासून.

दुपारी मनुबाई आली. म्हणाली, आक्का, पैरा फेडायची येळ आली. मी म्हटलं, अगं, चुन्याची काय घाई, आधी बागेचं उरका, मी थांबेन. तिनं पिशवीत हात घातला. मग म्हणाली, तसं न्हवं. येणं आमचं हाय.

तिनं कॅलेंडरचा कागद उलगडला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं होतं. दोघी बायका, रोज तीन तास, ऐन कामाच्या दिवसांत. कप. पडदे. पंखे. माळा. शेंगा. नळ. ते माझं प्रोग्रेस रेकॉर्ड.

मी तिला समजावून सांगितलं की ते ट्रेनिंग होतं. मनुबाई म्हणाली, शिकीवलंसा ते खरंच. पर पंखं पुसलं कुणी?

मी वर बघितलं. पंखा लखलखत होता.

ती पुढे म्हणाली, सुलाबाईचा आन दगडाबाईचा बी पैरा बोलवून घेतलाय. अकरा झाल्या. बारावं माणूस न्हाई. आन काम न्हाई झालं तर माझं पोरगं जातंय. रडली नाही याही वेळी. पदराचा तोच धागा.

उद्या येते म्हटलं.

अंकिताला फोन केला. ती इतका वेळ हसली की मी मधे उठून गॅस बंद करून आले. मग म्हणाली, आई, नी-कॅप घालून जा.

१६ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळ.
पाचला टेंपोचा हॉर्न. पाचला उठण्याचा संकल्प अखेर पूर्ण, दोन वेळा वाजवावा लागला तो भाग वेगळा.

डायरेक्टर या नात्यानं देखरेख करायची असं मनाशी ठरवलं होतं. सुती साडी, गॉगल, थर्मास, आणि कामाला सुरुवात होताना दोन शब्द. टेंपोत बसायला जागा नव्हती, सगळ्याजणी उभ्या. धोंडुबाई म्हणाली, वैनी, गॉगल काढा, समदं घड काळं दिसत्याल. दगडाबाई म्हणाली, ऱ्हाऊ दे की, शिनिमावाली आली म्हणून तेवढीच बाग खुशीत येईल. दोन शब्द तिथेच राहिले.

योलांडानं मला टोपी दिली, कात्री दिली, एका झाडाखाली उभं केलं. घडावर बोट ठेवून म्हणाली, ह्यो मणी ठेव, ह्यो काढ. ह्यो ठेव, ह्यो काढ. मी म्हटलं, कळलं. ती म्हणाली, न्हाई, तू म्हण. वीस वेळा म्हणवून घेतलं. मी पाठीमागे हात बांधून म्हणत होते, सवयीनं.

मला अरेतुरे करते. टोळीत सगळ्याच एकमेकींना करतात.

दिवसभरात सहा घड. धोंडुबाईचे किती झाले ते विचारलं नाही. मान वर करून काम असतं हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

१७ डिसेंबर.
आज वेग घेतला. कालचा ठेव-काढ प्रकार फार यांत्रिक वाटला. काही घडांना मुळीच आकार नव्हता, मोठे मणी वेडेवाकडे बाहेर आलेले. चॅपलमध्ये ईस्टरला सिस्टर बर्नाडेट फुलांचे गुच्छ करायच्या, गोल, घट्ट. तसे केले. मोठे बाहेर आलेले मणी काढले, आतले बारीक एकसारखे ठेवले. दुपारपर्यंत दोन झाडं. लांबून फार देखणी दिसत होती.

जेवणाच्या सुट्टीत धोंडुबाई पाणी प्यायला त्या बाजूला गेली आणि झाडाखाली मटकन बसली. म्हणाली, आगं बया, पोरं टाकून वार ठिवली हो हिनं. सगळ्या गोळा झाल्या. मनुबाईनं तोंडाला पदर लावला. ठेवायचे ते मोठे मणी म्हणे, काढायचे ते बारीक.

योलांडा आली. एकेक घड हातात घेऊन बघत राहिली. सिस्टर बर्नाडेट अशाच गप्प व्हायच्या, आणि मग आम्हाला रागावून घ्यायची इच्छा व्हायची. चोवीसला लालासाहेब प्रत्येक ओळीतून फिरणार आहेत. ही दोन झाडं रस्त्याकडेच्या ओळीत, अगदी सुरुवातीला आहेत. कापलेला मणी परत लावता येत नाही.

सॉरी म्हटलं. तिनं विचारलं, म्हंजे? सॉरी मी शिकवलंच नव्हतं. आमच्या धड्यात रिसेप्शनिस्टची चूक कधी होत नाही.

माझी बदली झाली. पडलेले मणी बुट्टीत गोळा करणे, पाणी देणे, डब्यांपाशी कुत्रं येऊ न देणे.

२० डिसेंबर, शनिवार.
पाच दिवस सलग पाचला उठले. साखर बंद, कारण चहा रोसा करते आणि विचारत नाही. दोन्ही संकल्प एकदम पार पडले, आनंद मात्र होत नाहीये.

सगळ्या दिवे लागेपर्यंत करताहेत. योलांडाचे हात बघितले आज नीट. बोटं घडात जातात आणि बघता बघता घड मोकळा होतो, हवा खेळायला लागते. मान वर, तोंडानं गप्पा. सुलाबाईच्या सुनेचं कसं चाललंय इथपर्यंत तिला सगळं माहीत आहे. मी पाच आठवडे हे हात फोनच्या रिसीव्हरवर ठेवत होते.

माझी दोन झाडं मी चुकवून जाते. त्यांच्यामुळे योलांडाची नोकरी गेली तर जयराज जाईल. मनुबाई मला काही म्हणणार नाही, तेच जास्त होईल.

दुपारी बुट्टीशेजारी बसून गुडघा चोळत होते. हे सगळं रोसाला सांगितलं, मराठीत, नेहमीप्रमाणे. माझं चुकलं, आता काय होईल, मी कशाला यात पडले. ती बाम घेऊन आली, माझा गुडघा मांडीवर घेतला, चोळायला लागली. मी बोलतच होते. मग तिनं वर बघितलं आणि तिचा पहिला मराठी शब्द बोलली. गप.

गप्प बसले. बरं वाटलं.

२३ डिसेंबर.
शेवटची ओळ राहिली आहे. घरी येऊन बोर्ड उतरवला. वाऱ्यानं पडला असता.

२४ डिसेंबर, बुधवार. संध्याकाळ.
दुपारी दोनला काम संपलं. तीनला लालासाहेब आले, सोबत त्यांचा बागवान. आम्ही बाराजणी टोप्या घालून मांडवाखाली ओळीनं उभ्या. मनुबाई माझ्या शेजारी. तिनं माझा हात धरला होता की मी तिचा, सांगता येत नाही.

त्यांनी मागच्या ओळीपासून सुरुवात केली. घड हातात घेत, खालून बघत, एकेक ओळ. योलांडा दोन पावलं मागे. तासभर गेला. तेराव्या ओळीपर्यंत ते फक्त मान हलवत होते. मग रस्त्याकडेच्या ओळीत आले आणि थांबले.

म्हणाले, ही दोन झाडं कुणी केली?

धोंडुबाईनं जमिनीकडे बघितलं. मी पुढे व्हायचं ठरवलं होतं, कालपासून वाक्य तयार होतं, इंग्रजीत आणि मराठीत. पाय उचलला नाही.

योलांडा म्हणाली, नवी बाई हाय, शिकाऊ. मी शिकीवतीया. हात बसंल तिचा.

लालासाहेबांनी आमच्या ओळीवरून नजर फिरवली. माझ्यावरून ती पुढे गेली. टोपी होती, मातीही होती. त्यांनी ओळखलं नाही. बारा दिवसांपूर्वी त्यांच्या ऑफिसात या बाईसाहेबांनी चार प्रश्नांची उत्तरं दिली होती.

बागवान म्हणाला, मालक, बाकीचं काम बगा, असं करणारी माणसं दाखवा मला आपल्या भागात. लालासाहेब म्हणाले, व्हय, ते दिसतंय की. मग योलांडाकडे वळून म्हणाले, पहिल्या तारखंला या. आन ती शिकाऊ बाई कुठल्या ओळीला लावायची ते तुमचं तुमी बगा.

मनुबाई आता रडली. योलांडा तिच्या गळ्यात पडली, रोसानं हॅट काढली, पहिल्यांदाच. धोंडुबाईनं माझ्या पाठीत चापट मारली आणि म्हणाली, आगं शिकाऊ, डबं गोळा कर, टेंपो आला.

मी टोपी आणखी खाली ओढली आणि डबे गोळा केले.